‘मोबाइल-फ्रेंडली’ची अट मोजता येईल अशी लिहा

संपादक महोदय,

संस्था, कार्यालये, शाळा, ग्रंथालये आणि लहान-मोठे उद्योग संकेतस्थळ नव्याने करून घेतात, तेव्हा कामाच्या अटींमध्ये एक ओळ हमखास असते : ‘संकेतस्थळ मोबाइल-फ्रेंडली असावे.’ ही अट पाळली गेली की नाही, हे ठरवायला काम देणाऱ्याकडे कसलेही माप नसते. काम ताब्यात घेताना लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी अरुंद करून दाखवली जाते, रकाने एकाखाली एक येतात आणि सही होते. साध्या, दोन-चार वर्षे जुन्या फोनवरून तेच पान उघडणाऱ्याच्या वाट्याला काय येते, ते या प्रात्यक्षिकात दिसतच नाही. म्हणून संकेतस्थळे बांधण्याचे काम करणारे आम्ही काही जण, काम करून घेणाऱ्यांसाठी हे पत्र लिहीत आहोत. वाचणाऱ्याच्या हातात कोणतेही यंत्र असो, मजकूर सर्वांना तोच आणि पूर्ण मिळाला पाहिजे. बदलायची ती मांडणी. तीही फोनचे नाव पाहून नव्हे, तर स्क्रीनवर जागा किती आहे आणि यंत्राची कुवत किती आहे हे पाहून. आणि यातले जवळजवळ सगळे मोजता येते, म्हणून ते अटींमध्ये आकड्यांनी लिहावे.

‘मोबाइलसाठी वेगळी साइट करून देतो’ असा प्रस्ताव अजूनही येतो. तो स्वीकारू नये. एके काळी त्याला पर्याय नव्हता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या वॅप (फोनवर इंटरनेट देण्याची तेव्हाची पद्धत) फोनना साधे एचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या नेहमीच्या भाषेतले, पान दाखवताच येत नसे. त्यांच्यासाठी डब्ल्यूएमएल या वेगळ्या भाषेत पाने लिहावी लागत आणि कोणत्या फोनला काय झेपते याच्या लांबलचक याद्या सर्व्हरवर सांभाळाव्या लागत. २००७ मध्ये आयफोन आला आणि खिशातल्या फोनवर पूर्ण ताकदीचा ब्राउझर असू शकतो हे सर्वांच्या लक्षात आले. मे २०१० मध्ये वेब-डिझायनर ईथन मार्कोट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची कल्पना मांडली. तिचे घटक तीन : टक्केवारीत मोजलेले लवचीक रकाने, रकान्याबरोबर आकसणारी चित्रे आणि रुंदीनुसार वेगळे नियम लावणाऱ्या मीडिया क्वेरी. पत्ता एक, एचटीएमएल एक, मांडणी जागेप्रमाणे. २०१२ मध्ये मीडिया क्वेरी अधिकृत वेब-मानक झाल्या. त्यानंतर वेगळी साइट बांधण्याचे तांत्रिक कारण उरलेले नाही.

तोटे मात्र बरेच आहेत. मूळ पत्त्यावर आलेल्या फोनला दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचे, म्हणजे नव्या नावाचा शोध, नवी जोडणी, सुरक्षित जोडणीची बोलणी आणि मग प्रत्यक्ष मागणी, अशा चार फेऱ्या नव्याने होतात. कमकुवत नेटवर्कवर एका फेरीला ३०० मिलिसेकंद धरले, तरी पानाचे पहिले अक्षर येण्याआधी १.२ सेकंद गेले. आतल्या एखाद्या पानाची लिंक उघडली, तर पुष्कळदा वाचक मोबाइल साइटच्या मुखपृष्ठावर फेकला जातो, कारण प्रत्येक पानाची जोडी कुणी लावलेलीच नसते. फोनवरून पाठवलेली लिंक लॅपटॉपवर उघडली की एकच रकाना स्क्रीनभर ताणलेला दिसतो. सर्वांत वाईट म्हणजे दोन साइटींचा मजकूर हळूहळू वेगळा होत जातो. सुधारणा एकीकडे होते, दुसरीकडे राहून जाते. त्यात गूगलने २०१६ मध्ये जाहीर करून २०२३ पर्यंत पूर्ण केलेला बदल लक्षात घ्यावा : आता शोधयंत्र पानाची फोनवरची आवृत्तीच वाचते. ‘मोबाइलवर एवढे कशाला’ म्हणून जो मजकूर गाळला, तो लॅपटॉपवरून शोधणाऱ्यालाही सापडत नाही.

वेगळ्या साइटचाच दुसरा प्रकार जरा लपलेला असतो. पत्ता एकच, पण सर्व्हर ब्राउझरची ओळख, म्हणजे युजर-एजंट नावाची ओळ, वाचून दोन वेगळी पाने पाठवतो. ही ओळख विश्वास ठेवण्यासारखी नाही. आजचे जवळपास सगळे ब्राउझर आपली ओळख ‘मोझिला/५.०’ पासून सुरू करतात आणि क्रोमच्या ओळीत सफारीचेही नाव असते. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी बहुतेक वेळा स्वतःला मॅक संगणक म्हणवते. अँड्रॉइडवरच्या क्रोमने २०२३ पासून फोनचे मॉडेल आणि खरी आवृत्ती सांगणेच बंद केले आहे. कोणताही फोन असो, ओळीत ‘अँड्रॉइड १०’ आणि मॉडेलच्या जागी ‘के’ एवढेच दिसते. यावर जो कोड आजही फोन ओळखू पाहतो, तो अंदाजच बांधत असतो.

त्याहून मोठी अडचण मधल्या साठवणीची, म्हणजे कॅशची. पान नेहमीच सर्व्हरवरून थेट वाचकाकडे जाते असे नाही. पुष्कळदा वाटेत त्याची प्रत ठेवली जाते आणि पुढच्या माणसाला ती दिली जाते. उत्तरासोबत ‘व्हेरी’ या शीर्षात युजर-एजंटचा उल्लेख नसेल, तर पहिल्याने फोनवरून मागितलेले पान पुढे लॅपटॉपवाल्यालाही मिळते. ‘एकाला बरोबर दिसते, दुसऱ्याला नाही, आणि पुन्हा उघडले की ठीक’ अशी तक्रार आली, तर पहिला संशय इथेच घ्यावा. उल्लेख केला, तर ओळखींचे हजारो प्रकार असल्याने प्रत्येकासाठी वेगळी प्रत साठते आणि साठवणीचा उपयोगच संपतो. सर्व्हरने काही ठरवूच नये असे आमचे म्हणणे नाही. ब्राउझर स्वतः ‘मला वेबपी किंवा एव्हीआयएफ या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपांतली चित्रे चालतात’ किंवा ‘वाचकाने डेटा-बचत चालू केली आहे’ असे सांगतो, तेव्हा ते जरूर ऐकावे. ती यंत्राने आपली कुवत स्वतःहून सांगितलेली माहिती असते, नावावरून काढलेला तर्क नसतो.

आता मूळ मांडणीकडे. पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंद चौकटीत मांडायचे हे सांगणारी, ओळ असलीच पाहिजे : रुंदी यंत्राच्या रुंदीइतकी, सुरुवातीचे झूम १. ही ओळ नसेल, तर फोनचा ब्राउझर पान जुन्या, मोठ्या स्क्रीनसाठी केले आहे असे समजतो, ते ९८० पिक्सेल रुंदीत मांडतो आणि मग आकसवून फोनच्या, समजा, ३६० पिक्सेल रुंदीत बसवतो. १६ पिक्सेलचे अक्षर सुमारे ६ पिक्सेलचे होते. सगळ्या मीडिया क्वेरीही ९८० च्या हिशेबाने लागतात, म्हणजे फोनसाठी लिहिलेले नियम लागूच होत नाहीत. याच ओळीत काही जण झूम करण्यास मनाई करणारी सूचना घालतात. ती काढून टाकायला सांगा. ‘डिझाइन हलू नये’ या हौसेपायी कमी दिसणाऱ्या माणसाचे अक्षर मोठे करण्याचे साधन आपण काढून घेतो.

मांडणी कोणत्या रुंदीला बदलावी, याचे आकडे फोनच्या मॉडेलांवरून ठरवू नयेत. मॉडेले दरवर्षी बदलतात. खिडकी हळूहळू रुंद करत जावी आणि जिथे ओळ वाचायला फार लांब होईल किंवा रकाने एकमेकांना दाबू लागतील, तिथे बदल घालावा. मूळ नियम अरुंद स्क्रीनचे आणि रुंद होईल तशी भर, असा क्रम ठेवला तर जुन्या ब्राउझरलाही निदान एकरकानी, वाचता येणारे पान मिळते. एकच चौकट कुठे रुंद रकान्यात तर कुठे बाजूच्या अरुंद पट्टीत वापरायची असेल, तर २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये असलेल्या कंटेनर क्वेरी वापराव्यात. त्या पूर्ण स्क्रीनऐवजी चौकटीची स्वतःची रुंदी पाहतात.

तपासणीचा आकडा : ३२० पिक्सेल. वेब सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांसह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत २०१८ पासून अशी कसोटी आहे की ३२० पिक्सेल रुंदीत पान आडवे सरकवावे न लागता पूर्ण वाचता आले पाहिजे. हे कुणीही पाहू शकते. लॅपटॉपवर खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४०० टक्के करा. १२८० भागिले ४ म्हणजे नेमके ३२०. आडवी सरकपट्टी आली, मेनूखाली मजकूर दडला किंवा बटण बाहेर गेले, तर काम अपुरे आहे.

सर्वाधिक वाया जाणारा डेटा चित्रांचा, आणि इथेच ‘आकसून दिसते’ आणि ‘योग्य तेवढेच पाठवले जाते’ यांतला फरक कळतो. कॅमेऱ्यातून आलेले ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे छायाचित्र जसेच्या तसे चढवले, तर सीएसएस, म्हणजे मांडणीचे नियम लिहिण्याची भाषा, ते ३६० रुंदीत सुबक बसवून दाखवते. फाइल मात्र पूर्ण उतरलेली असते. शिवाय फाइल कितीही दाबलेली असो, दाखवण्यासाठी ती उलगडावी लागते आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात : ४००० गुणिले ३००० गुणिले ४, म्हणजे ४८ एमबी स्मृती, एका छायाचित्राला. अशी दहा छायाचित्रे एका पानावर असली की कमी रॅमचा फोन अडखळतो किंवा ब्राउझर पान बंद करून पुन्हा उघडतो. त्याच फोनला खरे तर किती हवे होते? रुंदी ३६०, आणि मांडणीच्या मापातल्या एका (सीएसएस) पिक्सेलमागे स्क्रीनचे ३ पिक्सेल, म्हणजे १०८०. १०८० गुणिले ८१० चे तेच छायाचित्र साडेतीन एमबीत उलगडते.

यासाठी प्रत्येक छायाचित्राच्या चार-पाच रुंदीच्या प्रती कराव्यात, समजा ४००, ८००, १२०० आणि १६००, आणि चित्राच्या टॅगमध्ये, म्हणजे एचटीएमएलमधल्या खुणेत, सोर्ससेट या गुणधर्मात त्यांची यादी द्यावी. निवड ब्राउझर करतो, कारण स्क्रीनची घनता त्याला ठाऊक असते. इथे एक चूक फार सर्रास होते : सोर्ससेट दिलेला असतो, पण साइझेस हा दुसरा गुणधर्म वगळलेला असतो. ब्राउझर चित्र निवडतो तेव्हा मांडणी अजून तयार झालेली नसते. चित्र पानाच्या किती भागात बसणार हे सांगितले नाही, तर तो पूर्ण रुंदी धरतो. साधी घनता असलेल्या १४४० पिक्सेलच्या लॅपटॉपवर तीन रकान्यांतले चित्र ४८० जागेत बसणार असते, ८०० ची प्रत पुरली असती. साइझेस नसल्याने साधारणपणे १६०० ची प्रत उतरते. ‘अरुंद स्क्रीनवर पूर्ण रुंदी, रुंद स्क्रीनवर एक-तृतीयांश’ एवढी एक ओळ लिहिली की हा अपव्यय थांबतो.

चित्राची केवळ रुंदी कमी करून भागत नसेल, म्हणजे सभेच्या रुंद छायाचित्रात फोनवर माणसे मुंगीएवढी दिसत असतील, तर पिक्चर हा टॅग वापरून अरुंद स्क्रीनसाठी वेगळी, जवळून कापलेली प्रत द्यावी. प्रत्येक चित्राला रुंदी-उंचीचे आकडे द्यावेत. त्यावरून ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो आणि चित्र येताच मजकूर खाली उडी मारत नाही. खालची चित्रे गरज पडेल तेव्हा उतरतील अशी ‘लेझी’ ठेवावीत, मात्र पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या मोठ्या चित्राला तसे करू नये. त्याने उलट तेच उशिरा येते. आणखी एक गैरसमज : सीएसएसने चित्राचा टॅग लपवला की डेटा वाचतो, असे मानले जाते. तो सहसा वाचत नाही. चित्र दिसत नाही, पण उतरते.

मजकुराचे म्हणाल, तर सर्वांत मोठा अडथळा पीडीएफचा आहे. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, फोनच्या स्क्रीनची साधारण ६५ ते ७०. पूर्ण पान बसवले की १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे होते. वाचण्यासाठी मोठे केले की प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. त्यात पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर शोधता येत नाही, दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, दुसऱ्या भाषेत भाषांतर करता येत नाही. सूचना, वेळापत्रके, नियम, अर्जाची माहिती हे सारे आधी एचटीएमएलमध्ये असावे. छापण्यासाठी किंवा सहीच्या प्रतीसाठी पीडीएफ सोबत द्यावी, एवढेच तिचे काम. पानाला छपाईचे वेगळे नियम दिले, म्हणजे मेनू गाळला आणि अक्षर काळे ठेवले, तर बऱ्याचदा पीडीएफची गरजही पडत नाही. कागद हेही एक साधनच आहे, त्याचा विचार क्वचितच होतो.

मराठी मजकुराला थोडी अधिक काळजी लागते. लॅटिन लिपीसाठी केलेले तयार साचे ओळींमध्ये इतके कमी अंतर ठेवतात की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा थोडी जास्त ठेवावी. अक्षरांमधले अंतर वाढवणारी सूचना देवनागरीला लावूच नये, शिरोरेखा तुटते. बटणांना ठरावीक उंची दिली आणि बाहेरचा भाग कापायला सांगितला, तर रफार आणि खालची चिन्हे छाटली जातात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल मोठी असते. ती डब्ल्यूओएफएफ-२ या दाबलेल्या स्वरूपात द्यावी आणि ती येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसेल अशी सूचना ठेवावी. युनिकोड (सर्व यंत्रांवर चालणारी सामायिक अक्षर-पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधला जुना मजकूर असेल, तर तो आधी रूपांतरित करून घ्यावा. फोनवर तो फॉन्ट नसतो आणि वाचकाला असंबद्ध इंग्रजी अक्षरे दिसतात. सर्व्हरवर मजकुराचे संकोचन, म्हणजे पाठवताना दाबून लहान करणे, चालू आहे का, हेही पाहावे, कारण यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

तक्त्यांबाबत आमचा सल्ला ठाम आहे : तक्त्याचे चित्र करू नका. ३२० पिक्सेलच्या कसोटीतही तक्त्यांना सूट आहे, कारण आडवे-उभे नाते हाच त्यांचा अर्थ असतो. तक्ता एका चौकटीत ठेवून फक्त ती चौकट आडवी सरकेल असे करावे, पान नव्हे; पहिला रकाना जागेवर चिकटून राहील असे केले की ओळ कुणाची हे विसरायला होत नाही. ओळींची ‘कार्डे’ करण्याची पद्धत दिसायला छान, पण त्यासाठी तक्त्याचे मूळ स्वरूप सीएसएसने मोडले तर काही ब्राउझरमध्ये स्क्रीन रीडरला तो तक्ता आहे हेच कळेनासे होते.

बोटाने वापरायच्या गोष्टींसाठी आकडे ठरलेले आहेत. डब्ल्यूसीएजी २.२ नुसार दाबायची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावी, किंवा लहान असेल तर तिच्याभोवती तेवढी मोकळी जागा तरी असावी. ॲपल ४४ पॉइंट सुचवते, अँड्रॉइड ४८. महत्त्वाच्या बटणांना ४४ ते ४८ च धरावेत. माउस वर नेल्यावरच उघडणारा मेनू टचस्क्रीनवर उघडत नाही किंवा पहिल्याच स्पर्शाला भलतीकडे नेतो, म्हणून तो दाबून उघडणारा आणि कीबोर्डनेही चालणारा हवा. टच आणि माउस दोन्ही असलेले लॅपटॉप असतात, तेव्हा रुंदीवरून ‘हा माउसवाला’ असे ठरवू नये. त्यासाठी वेगळी मीडिया क्वेरी आहे. अर्जात फोन क्रमांकाच्या रकान्याला आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. पण खाते क्रमांक किंवा पिनकोडसाठी ‘नंबर’ प्रकार वापरू नये, सुरुवातीचे शून्य गळू शकते आणि काही ब्राउझरमध्ये माउसचे चाक फिरताच आकडा बदलतो. तिथे साधा रकाना ठेवून फक्त कीबोर्ड आकड्यांचा मागावा. रकान्यातले अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर आयफोनवर रकान्याला स्पर्श करताच पान झूम होते आणि वाचक गोंधळतो.

जावास्क्रिप्टबद्दल थोडक्यात. तेवढ्याच आकाराच्या चित्रापेक्षा ती फोनला जड जाते, कारण ती उतरवून भागत नाही. वाचून, जुळवून चालवावी लागते आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर यात लॅपटॉपच्या कितीतरी पट मागे असतो. म्हणून मुख्य मजकूर सर्व्हरकडून येणाऱ्या एचटीएमएलमध्येच असला पाहिजे. पाहायची रीत सोपी आहे : ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करा आणि पान उघडा. मजकूर वाचता आला पाहिजे, कोरे पान चालणार नाही. २४० पिक्सेल रुंद स्क्रीनचे, बटणांवर चालणारे आणि जुने ब्राउझर-इंजिन असलेले कायओएस फोनही अजून वापरात आहेत. अशा पानावर त्यांचेही काम भागते.

वेगासाठी गूगलची तीन मापे अटींत लिहिता येतात. मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांत दिसावे, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा (हे माप मार्च २०२४ पासून आले), आणि पान हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत असावा. तिन्ही मापे शंभरातल्या किमान ७५ भेटींत पाळली जावीत. कंत्राटदार लाइटहाउस या साधनाचे हिरवे गुण दाखवतात. ते एका यंत्रावरच्या एका चाचणीचे असतात, प्रत्यक्ष वाचकांच्या भेटींचे नसतात. ब्राउझरमधली फोनची नक्कलही मुख्यतः स्क्रीनचा आकार दाखवते. अर्धा स्क्रीन व्यापणारा कीबोर्ड, खाली-वर होणारी पत्त्याची पट्टी आणि संथ प्रोसेसर तिच्यात हुबेहूब दिसत नाहीत. पूर्ण स्क्रीनच्या उंचीचे पहिले दृश्य केले आणि तळाचे बटण पट्टीखाली गेले, हा दोष खऱ्या फोनवरच सापडतो. उंचीच्या एककात ‘व्हीएच’ऐवजी ‘एसव्हीएच’ (पट्टी दिसत असतानाची उंची धरणारे एकक) घातले की तो जातो. म्हणून काम ताब्यात घेताना एक साधा, जुना अँड्रॉइड फोन, एक आयफोन आणि वाय-फाय बंद, अशी तपासणी अटीतच घालावी आणि अर्ज भरण्यापासून पोच मिळण्यापर्यंत सगळा प्रवास त्यावर करून पाहावा.

काम ताब्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात हे सगळे बिघडू शकते, कारण मजकूर चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला यातले काही सांगितलेले नसते. तो ४००० पिक्सेलचे छायाचित्र आणि स्कॅन केलेली सूचनाच चढवतो, आणि दोष त्याचा नसतो. चढवलेल्या चित्राच्या सर्व प्रती प्रणालीने आपोआप कराव्यात, चित्र न दिसणाऱ्यांसाठी पर्यायी वर्णन लिहिल्याशिवाय चित्र स्वीकारू नये, पीडीएफ जोडताना तोच मजकूर पानावर लिहिण्याचा रकाना अनिवार्य असावा, आणि हे चालते की नाही ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासून मगच शेवटचा हप्ता द्यावा, एवढी कलमे करारात आधीच असू द्यावीत.

आपले,
संकेतस्थळ-बांधणीच्या कामातील काही वाचक